ईदचं गोश्त उरलं, पुढे काय? दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं स्वयंपाकघर

कुर्बानी कोणावर वाजिब आहे, जनावर कसं असावं, दुआ कोणती पढावी यावर दरवर्षी बयान होतं, मोबाईलवर क्लिपा फिरतात. पण ईदच्या संध्याकाळी ओट्यावर जे पातेलं उरतं, फ्रीजमध्ये ज्या पिशव्या कोंबल्या जातात आणि तिसऱ्या दिवशी त्या बिर्याणीचं जे काही होतं, त्यावर फारसं कोणी बोलत नाही. ते काम घरातल्या बायकांवर सोडून पुरुष मंडळी मोकळी होतात. खरं तर हाही ईदचाच भाग आहे, आणि हे आमचं म्हणणं नाही, त्या दिवसांच्या नावातच ते आहे.

ज़िलहिज्जच्या ११, १२ आणि १३ या तारखांना आपण अय्यामे तश्रीक म्हणतो. नऊ तारखेच्या फजरपासून तेराच्या असरपर्यंत प्रत्येक फर्ज नमाजनंतर तकबीरे तश्रीक म्हणतो. हा 'तश्रीक' शब्द कुठून आला याचा जो अर्थ जुने आलिम सांगत आले आहेत, तो असा: गोश्ताच्या लांब पट्ट्या कापून उन्हात पसरणे. म्हणजे कुर्बानीनंतर जे उरलं ते वाळवून टिकवण्याचे हे दिवस. उरलेल्या गोश्ताचं काय करायचं हा प्रश्न अरबस्तानातल्या उन्हात चौदाशे वर्षांपूर्वीही होता आणि आज चिखलीच्या दोन खोल्यांतही आहे.

याच्याशी जोडलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. एका वर्षी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुर्बानीचं गोश्त तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली. त्या वर्षी मदिनेत गरजू, भुकेले लोक मोठ्या संख्येने आले होते. पुढच्या वर्षी साथीदारांनी विचारलं, तेव्हा ही मनाई उठवली गेली: खा, खिलवा आणि साठवा. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेलं असंही येतं की बकरीचे पाये ठेवून त्या घरात पंधरा दिवसांनी खाल्ले जात. म्हणजे साठवण्यात काही वावगं नाही. फक्त क्रम लक्षात घ्या. आजूबाजूला भूक असेल तर वाटप आधी, साठवण नंतर.

आता आपल्या पट्ट्याची गोष्ट. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून नळाला दिवसाआड पाणी येतं. गुरुवार हा एमआयडीसीचा सुट्टीचा वार, आणि महावितरणच्या दुरुस्तीचाही. त्यामुळे गुरुवारी वीज जाणार हे इथल्या प्रत्येक घराने गृहीत धरलेलं असतं. चाकणच्या बाजूला, म्हणजे निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीला, पत्र्याच्या खोल्यांत चार-पाच पोरं मिळून राहतात. कोणी बिहारचं, कोणी यूपीचं, कोणी आपल्या लातूर-बीडचं. गाड्यांच्या कंपन्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत कंत्राटावर काम. रजा मिळत नाही म्हणून ईदला गावी जाणं होत नाही. त्यांच्या खोलीत फ्रीज नसतो. कुटुंब असलेल्या घरांत फ्रीज असतो, पण बहुतेक ठिकाणी एका दाराचा, वर बर्फाचा छोटा कप्पा असलेला.

आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. बकरी ईद २०२३ ला २९ जूनला होती, २०२४ ला १७ जूनला, २०२५ ला ७ जूनला. २०२६ साली ती मेच्या शेवटच्या आठवड्यात येते. पावसाळ्यातली ईद आता उन्हाळ्यात चालली आहे. जूनच्या शेवटी निदान हवा थोडी गार असायची. मेमध्ये पत्र्याखाली दुपारी दोन वाजता गोश्ताचं काय होईल याचा विचार आधीच करायला हवा.

वाटपाचा क्रम

म्हणून सुरुवात रेसिपीपासून नाही, वाटपापासून. तीन हिस्से करणं, एक घराचा, एक नातेवाईक-दोस्तांचा, एक गरजूंचा, हे मुस्तहब आहे. जास्त वाटलं तरी चालतं, आणि आमच्या मते फ्रीज छोटा असेल तर जास्तच वाटावं. पण कोणाला कधी आणि कसं द्यायचं याकडे लक्ष दिलं जात नाही. आपल्याकडे काय होतं? आधी नातेवाईकांकडे पिशव्या जातात, ज्यांच्या घरी स्वतःचीच कुर्बानी झालेली असते. त्यांचाही फ्रीज भरलेला. मग संध्याकाळी चार-पाच वाजता, गोश्त सहा-सात तास बाहेर राहिल्यावर, गरजूंची पिशवी निघते. ज्याच्याकडे फ्रीज नाही, त्याला सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जास्त तापलेलं गोश्त मिळतं. हा क्रम उलटा करा. पहिल्या पिशव्या फ्रीज नसलेल्या घरांत जाऊ द्या, त्याही एका वेळी शिजून संपतील एवढ्याच.

खोल्यांवर राहणाऱ्या पोरांना तर कच्चं देऊच नका. एक बर्नर, एक कुकर आणि रात्रपाळीची घाई असलेल्या मुलाच्या हातात दोन किलो कच्चं गोश्त देणं म्हणजे त्याच्या डोक्याला ताप. त्याला शिजवलेला कोरडा कीमा द्या, कबाब द्या, सोबत रोट्या द्या. तो त्याच रात्री खाऊन दुआ देईल.

दुसरी गोष्ट मोठ्या सोसायट्यांसाठी आणि एकाच गल्लीतल्या भावकीसाठी. हनफी मसलकप्रमाणे कुर्बानी १०, ११ आणि १२ तारखेला करता येते. पहिल्या दिवसाची फजीलत जास्त आहे, हे बरोबर. पण एका इमारतीत दहा घरं असतील आणि दहाही घरांची कुर्बानी एकाच सकाळी झाली, तर सगळ्यांचे फ्रीज एकाच दुपारी भरतात आणि एकमेकांना द्यायला कोणी उरत नाही. तीन-चार घरांनी दुसरा दिवस घेतला तर दोन्ही दिवस ताजं वाटता येतं. हे काही नवीन नाही. २०२३ ला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांतल्या मुस्लिमांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. आपल्या भागातून तर तुकोबांची आणि माउलींची पालखी जाते, इथे तो निर्णय कोणाला समजावून सांगावा लागला नाही. जी सवलत शेजाऱ्यासाठी वापरता येते, ती फ्रीजसाठीही वापरता येईल.

घड्याळाचा हिशोब

शिजवलेलं अन्न ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून नियम असा: शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास. मेमध्ये आपल्याकडे दुपारी एकच तास धरा.

इथे घराघरांत गडबड होते ती मोठ्या पातेल्यामुळे. पाच किलोचं सालन किंवा बिर्याणीची डेग वरून गार वाटते, पण मधोमध तासन् तास कोमट राहते. कोमट, ओलसर आणि आत हवा नाही, अशी जागा काही जंतूंना फार आवडते. शिजवताना हे जंतू मरतात, पण त्यांची बीजं उकळीतही टिकतात आणि कोमट झालं की उगवतात. लग्नाच्या, उरुसाच्या जेवणानंतर एकदम वीस-तीस जणांचं पोट बिघडतं, तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. आचाऱ्याला दोष दिला जातो, पण घोटाळा डेग थंड होताना झालेला असतो.

उपाय साधा आहे. जेवणं उरकली की पातेलं झाकून झोपायचं नाही. उरलेलं सालन पसरट डब्यांत दोन बोटांपेक्षा जास्त जाडीचं नाही असं वाटून घ्यायचं. डबे परातीत गार पाणी घालून त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचे, मधे एकदा हलवायचे, मग फ्रीजमध्ये. पाणी दिवसाआड येतं म्हणून ते पाणी फेकू नका, फरशीला किंवा संडासात वापरा. गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवलं की फ्रीज बिघडतो असं जे म्हणतात ते मोठ्या उकळत्या पातेल्यापुरतं खरं आहे. कोमट, छोट्या डब्यांनी काही होत नाही.

भाताचं वेगळंच आहे. भातात 'बॅसिलस सेरियस' नावाचा जंतू असतो. बाहेर राहिलेल्या भातात तो एक विष तयार करतो आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेली बिर्याणी सकाळी कितीही वाफवा, धोका तसाच. आपल्या गावात १९५४ साली स्थापन झालेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आहे म्हणून सांगतो: अशा विषावर अँटिबायोटिकच्या गोळीचा उपयोग नसतो. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मेडिकलमधून गोळ्या आणत बसू नका, ओआरएस पाजत राहा. मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली, शौचात रक्त दिसलं तर लगेच वायसीएम किंवा जवळचा दवाखाना गाठा.

कच्च्या गोश्ताबद्दल थोडक्यात. जनावर कापल्यावर काही तास गोश्त आखडतं. त्याआधीच ते बर्फाच्या कप्प्यात टाकलं तर ते आकसून चिवट होतं आणि मग 'यंदाचा बकरा वातड निघाला' म्हणतात. आधी खालच्या गार कप्प्यात काही तास ठेवा, मग बर्फात. अर्धा-अर्धा किलोच्या चपट्या पिशव्या करा, म्हणजे लवकर गोठतात आणि लागेल तेवढीच काढता येते. कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी त्याच दिवशी संपवा, ती टिकण्याची वस्तू नाही. एका दाराच्या फ्रीजचा कप्पा डीप फ्रीजइतका थंड होत नाही, त्यामुळे आम्ही त्यात कच्चं गोश्त आठ-दहा दिवसांपुढे ठेवत नाही. शिजवलेलं सालन खालच्या भागात तीन दिवस, फार तर चार.

गुरुवारसाठी एक युक्ती. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी बर्फाच्या कप्प्यातच राहू द्या. वीज येऊन गेल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर मधल्या वेळात बर्फ पूर्ण वितळून पुन्हा गोठला आहे, म्हणजे आतलं गोश्तही वितळलं होतं. ते खाऊ नका. वीज गेली की दार उघडायचं नाही. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो.

सालनातून कबाब, हाडांतून दालचा

आता पातेल्याकडे वळू. उरलेलं सालन तसंच पुन्हा पुन्हा गरम करून वाढलं की तिसऱ्या वेळेला पोरं नाक मुरडतात, आणि त्यांचं चुकत नाही. शिजवलेल्या गोश्तातली चरबी हवेने बदलते आणि एक शिळा वास येतो. त्याला नवा पदार्थच करावा लागतो, नुसतं गरम करून भागत नाही.

सालनातल्या बोट्या रश्शातून काढा, हाडं वेगळी करा. दोन वाट्या बोट्यांना पाऊण वाटी चणाडाळ घ्या. डाळ तासभर भिजवून, कमी पाण्यात, दाणा दबेल पण पाणी उरणार नाही अशी शिजवा. बोट्या कढईत पाच-सात मिनिटं परतून त्यांचा ओलावा पूर्ण आटवा, मग डाळीसोबत पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये जाडसर वाटा. मीठ आधी चाखून मगच घाला, सालनाचं मीठ त्यात असतंच. बारीक कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, पुदिना आणि एक अंडं. तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून खरपूस भाजले की शामी तयार. असली शामी उकडलेल्या ताज्या गोश्ताची असते हे मान्य, पण सालनातला मसाला आत मुरलेला असल्यामुळे ही जास्त झणझणीत लागते. डाळ नसेल तर उकडलेला बटाटा. चाकणच्या कांदा-बटाटा मार्केटच्या एवढं जवळ राहून बटाट्याला तोटा नाही. शिळा पाव कुस्करून घातला तर कबाब फुटत नाहीत.

तळणीच्या तेलाचं एक सांगून ठेवतो. तेल वारंवार तापवलं की त्यात घातक घटक वाढतात. एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, पण घरी ते मोजायचं यंत्र नसतं. तेल काळपट झालं, फेस धरू लागलं, लवकर धूर येऊ लागला की ते संपलं समजा. आणि ते किंवा चरबी मोरीत ओतू नका. थंड झाल्यावर चरबी पाइपात गोठते आणि तुंबलेली मोरी ईदच्या आठवड्यात कोण साफ करणार?

काढून ठेवलेली हाडं आणि उरलेला रस्सा म्हणजे दालचाची अर्धी तयारी. मराठवाड्यातून आलेल्या घरांत दालचा आणि बघारा खाना वेगळा सांगावा लागत नाही, पण इथे वाढलेल्या नव्या सुनांसाठी सांगतो. अर्धी वाटी चणाडाळ, अर्धी वाटी तूरडाळ हळद घालून मऊ शिजवा, घोटा. दुधी भोपळ्याच्या मोठ्या फोडी हाडं आणि रश्शासोबत कुकरला दोन शिट्ट्या. दोन्ही एकत्र करा, चिंचेचा कोळ घाला, चांगली खळखळून उकळी येऊ द्या. वरून लसूण, कढीपत्ता, सुकी मिरची, जिऱ्याचा बघार. चार जणांच्या सालनातून आठ जणांचं जेवण होतं. नळीतला मगज आणि हाडांना चिकटलेल्या शिरा शिजून रश्शात उतरतात, त्यामुळे दाटपणा येतो. पाये दुसऱ्या दिवशी थिजून वडीसारखे होतात ते याच कारणाने. ते खराब झालेले नसतात, गरम केले की पुन्हा पातळ होतात.

कोरडा कीमा उरला तर प्रश्नच नाही. पराठ्यात भरा, समोसा करा, अंडं फोडून पावासोबत खा.

बिर्याणी आणि रोटी

बिर्याणीबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. बिर्याणी साठवायची वस्तू नाही. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा, नाहीतर सोडून द्या. गरम करताना तव्यावर पसरून, पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून आतपर्यंत वाफ येऊ द्या. नुसती कोमट करू नका. मुलांसाठी हाडं-मसाला काढून त्यातच अंडं परतून फोडणीच्या भातासारखं करता येतं.

खरी युक्ती आधीची आहे. उद्याही भात लागणार हे माहीत असेल तर आजच भात जास्त टाकू नका, यखनी जास्त करा. कोकणी मुस्लिम घरांत जिला अखनी म्हणतात तीच. बोट्या आणि त्यांचं पाणी अख्ख्या मसाल्यात शिजवून डब्यांत थंड करून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती उकळून त्यात ताजा तांदूळ टाकला की वीस मिनिटांत पुलाव. गोश्त साठवा, भात रोज ताजा करा. पाहुणे किती येतील हे माहीत नसलेल्या घरात याने डेगभर बिर्याणी फेकायची वेळ येत नाही.

रोट्यांचं आपल्याकडे दुहेरी आहे. मराठी घरांत शिळ्या पोळीचा कुस्करा फोडणी देऊन करतात, आपल्यात तूप-गूळ घालून मलीदा करतात. दोन्ही चांगलं. पण त्याहून जुना पदार्थ सरीद आहे: रोटीचे तुकडे खोलगट ताटात पसरून वरून गोश्ताचा उकळता शोरबा ओतायचा आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं. प्रेषित (स.) यांना सरीद प्रिय होता, आणि हजरत आयशा (रजि.) यांच्या श्रेष्ठत्वाची तुलना त्यांनी इतर जेवणांपेक्षा सरस असलेल्या सरीदशी केली, अशी हदीस आहे. आता पाहिलं तर तो शिळ्या रोटीचा आणि उरलेल्या शोरब्याचाच पदार्थ. ज्वारीची भाकरी कुस्करून रस्सा ओतणारे आपले गावाकडचे वडीलधारे नकळत तेच करत आले. एकाच ताटात सगळ्यांनी मिळून खाल्लं तर थोड्या रश्शात घर जेवतं.

शीर खुर्मा उरला आणि शेवया फुगून गोळा झाला असेल तर त्यात थोडं दूध घालून उकळा, मिक्सरमधून फिरवा आणि कपांत ओतून बर्फात ठेवा. खजूर-चारोळीची कुल्फी होते, साखरही घालावी लागत नाही. मात्र दूध बाहेर राहिलेलं नको.

डबा

आपल्या भागात हा मुद्दा वगळून चालणार नाही. फर्स्ट शिफ्टचा माणूस पहाटे डबा घेऊन निघतो आणि दुपारी उघडतो. सेकंड शिफ्टवाला दुपारी निघतो, रात्री खातो. पाच-सहा तास बॅगेत किंवा शेडमधल्या लॉकरमध्ये डबा, आणि शेडमध्ये उकाडा. ईदच्या आठवड्यात साध्या स्टीलच्या डब्यात रश्शाचं गोश्त किंवा बिर्याणी देऊ नका. गरम राखणारा डबा असेल तर आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवा, ते ओतून मग उकळतं सालन काठोकाठ भरा. अर्धा भरलेला डबा लवकर निवतो. असा डबा नसेल तर त्या दिवशी चटणी-भाकरी, लोणचं, भाजी. घरी आल्यावर गोश्त आहेच. शाळेच्या डब्यालाही हेच लागू. शिवाय काही शाळांत मांसाहारी डबा चालत नाही, मुलाला उगाच अवघडल्यासारखं कशाला करा.

ज्या घरात पुरुष तीन वेगळ्या शिफ्टला आहेत तिथे तेच पातेलं दिवसातून तीनदा गरम होतं. तसं करू नका. जो जेवणार त्याच्यापुरतं वाटीभर काढा, तेवढंच खळखळून उकळा, बाकी गारच राहू द्या. हे बाईच्या आठवणीवर सोडण्यापेक्षा जो उशिरा येतो त्याने स्वतः करावं. गॅस पेटवायला शिफ्ट इन्चार्ज लागत नाही.

वाळवण आणि मुहर्रमचा खिचडा

फ्रीज यायच्या आधी आपल्या आजी-नानी गोश्त वाळवायच्या. बोटभर जाड पट्ट्या, भरपूर मीठ, हळद, कधी लाल तिखट. दोरीला ओवून किंवा काठीवर टाकून कडक ऊन. अरबीत याला कदीद म्हणतात. गरिबांचं जेवण म्हणून ते ओळखलं जाई, आणि एका घाबरलेल्या माणसाला धीर देताना प्रेषितांनी (स.) आपण कदीद खाणाऱ्या आईचे पुत्र आहोत असं सांगितल्याचं हदीसमध्ये येतं. आपल्याच महाराष्ट्रात दलित घरांत अशा वाळवलेल्या मांसाला चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात त्या स्वयंपाकाची सविस्तर नोंद आहे. गरिबीने दोन वस्त्यांना एकच विद्या शिकवली.

जूनमधल्या ईदेला वाळवण जमत नव्हतं, ढगाळ हवेत पट्ट्यांना बुरशी यायची. पुढची काही वर्षं ईद मे-एप्रिलमध्ये येईल, तेव्हा ही विद्या पुन्हा कामाची आहे. मात्र पट्ट्या पातळ, मीठ सढळ, वर मलमलचा कपडा, दिवसभर कडक ऊन आणि रात्री घरात. बोटाने वाकवल्यावर मोडेल इतकं वाळलं तरच बरणीत भरा. मऊ राहिलं तर लगेच शिजवून टाका. खाण्याआधी तासभर गरम पाण्यात भिजवा, ते खारट पाणी फेका, मग अंबाडीच्या भाजीत किंवा चिंचेच्या आंबट रश्शात शिजवा. सोसायटीत राहत असाल तर गॅलरीत पट्ट्या टांगण्याआधी शेजाऱ्याचा विचार करा. गच्चीचा कोपरा, झाकून, विचारून. उरलेली हाडंही नीट बांधून सकाळच्या घंटागाडीतच द्या, रात्री कोपऱ्यावर ठेवली की कुत्री ती पूर्ण गल्लीत पसरवतात आणि बोलणं सगळ्या वस्तीला बसतं.

ज्यांच्याकडे खरा डीप फ्रीज आहे, उणे १८ अंशांचा, त्यांनी एक पिशवी वेगळी ठेवावी. बकरी ईदपासून बरोबर एका चांद महिन्याने, १० मुहर्रमला, बऱ्याच घरांत खिचडा होतो. पिशवीवर ईदची तारीख आणि 'खिचडा' असं मार्करने लिहा, नाहीतर मधेच कोणीतरी कीमा करून मोकळा होईल. काढताना आदल्या रात्री पिशवी फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा, म्हणजे सुटलेलं पाणी भाजीवर सांडणार नाही. ओट्यावर उघड्यावर वितळवू नका, आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. गहू त्याच रात्री भिजत घाला. अर्धा किलो गोश्ताला पाव किलो गहू, आणि चणा, मूग, मसूर मिळून तेवढ्याच डाळी. खाली लागू नये म्हणून सतत घोटावं लागतं, तेव्हा हात बदलायला घरातल्या पोरांनाही बोलवा.